काजळीला आणायला

शाळेची पिवळी मिनीबस चालवणाऱ्या त्या बाईला सगळे पोंपोंमावशी म्हणत. सकाळी गल्लीच्या तोंडाशी आली की ती दोनदा हॉर्न वाजवायची, आणि तेवढ्या आवाजावर पोरं एक बूट पायात अन् एक हातात अशी जिने उतरत यायची. नाव पोरांनी ठेवलं, ते आयांनी उचललं, आणि पुढे शाळेच्या हेडबाईसुद्धा तिला त्याच नावाने हाक मारू लागल्या. मावशी पन्नाशी ओलांडलेली, अंगाने दांडगी, आवाजाने खणखणीत. लग्न एकदा झालं होतं, ते टिकलं नाही, आणि त्यावर ती कुणाशी बोलत नसे. घरात ती आणि तिची आई. दोघींचं सकाळपासून वाजायचं. चहात साखर जास्त झाली, खिडकी उघडी का ठेवली, टीव्हीचा आवाज कुणी वाढवला. एखाद्या दिवशी आवाज आला नाही, तर खालच्या मजल्यावरची टेलरबाई वर येऊन विचारायची, "बरं आहे ना सगळं?"

साथ आली, शाळांना कुलूप लागलं आणि बस इमारतीखाली धूळ खात उभी राहिली. मग आईला ताप आला. पांढरे पोशाख घातलेली दोन माणसं आली. चष्म्याआड त्यांचे डोळेही धड दिसत नव्हते. आईला खुर्चीत बसवून त्यांनी जिना उतरवला. मावशीला सोबत येऊ दिलं नाही. पहिल्या वळणावर आईने मान वळवली आणि धापा टाकत म्हणाली, "दूध वर ठेवलंय, उतू जाईल बघ." मावशी आत धावली, गॅस बंद करून परत आली, तोवर खाली गाडीचं दार लागल्याचा आवाज आला होता.

त्यानंतर नुसते फोन. "स्थिर आहेत." "ऑक्सिजन वाढवलाय." "अजून काही सांगता येत नाही." आणि एका सकाळी, तशाच सपाट आवाजात, "गेल्या." तोंड पाहू दिलं नाही. कठड्यापलीकडून, लांबून, चेन लावलेली एक पांढरी पिशवी तेवढी दाखवली. शेजारी तशाच आणखी पिशव्या होत्या.

तिथेच मावशीच्या मनात एक किडा शिरला. त्या पिशवीत आई होती कशावरून? रोज इतकी माणसं येतात-जातात, कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही, चूक होऊ शकत नाही का? हे तिने कुणालाही सांगितलं नाही. लोक म्हणाले असते, डोकं फिरलंय. पण अंघोळीला जातानाही ती फोन बादलीशेजारच्या स्टुलावर ठेवी. अनोळखी नंबर आला की ओल्या हातांनीच उचली. कुणीतरी म्हणेल, "माफ करा, आमचा घोळ झाला होता. तुमच्या आई वॉर्डात आहेत, तुमची आठवण काढतायत." फोन कर्ज हवंय का विचारणाऱ्यांचे असत.

बहिणीची मुलगी लांबच्या शहरात नोकरीला होती. ती रोज फोन करायची, आणि मावशी रोज "हो", "नाही", "खाल्लं" एवढंच बोलायची. एकदा भाची वैतागून म्हणाली, "मावशी, तुझ्या घरात भांडायला कुणीतरी हवंय गं." आणि तिने एक फोटो पाठवला. तपकिरी कुत्री, एक कान उभा, दुसरा मुडपलेला, आणि तोंड असं काळं की जणू कुणी काजळी फासली. खाली लिहिलं होतं, वय सहा-सात, स्वभावाने शांत, मालक साथीत वारले.

मावशीने फोटो पाहिला, फोन उपडा ठेवला. थोड्या वेळाने पुन्हा सुलटा केला, आणि त्या काळ्या तोंडाला मनातल्या मनात नाव दिलं, काजळी.

कुत्र्यांचा तो निवारा तीनेक तासांच्या रस्त्यावर होता, पण मधे जिल्ह्याची हद्द होती आणि हद्द ओलांडायला पास लागे. पहिल्यांदा अर्ज केला, तर ऑफिसातल्या माणसाने फोन करून विचारलं, "बाई, कुत्रं आणणं अत्यावश्यक आहे का?"

"कुणासाठी विचारताय? माझ्यासाठी की तिच्यासाठी?" मावशीने विचारलं. पास मिळाला नाही. मग निवारा चालवणाऱ्या बाईंनी आपल्या बाजूने खटपट केली, चार ठिकाणी शब्द टाकले, आणि एका दिवसाचा पास मिळाला. सकाळी निघायचं, संध्याकाळी संचारबंदी लागायच्या आत घरी परतायचं.

बस धुऊन पुसून मावशी निघाली. रस्ते असे ओस की सिग्नल कुणासाठी बदलतायत तेच कळेना. हद्दीवरच्या नाक्यावर पोलिसाने काठी आडवी धरली, आत डोकावून सगळी बाकं पाहिली.

"मुलं कुठायत?"

"घरी. शाळा बंद आहेत ना साहेब."

"मग बस कुठे चाललीय?"

"कुत्रीला आणायला."

पोलिसाने पास वाचला, पुन्हा बसकडे पाहिलं. "एका कुत्रीला एवढी बस? थाट आहे बुवा!" तो हसला, आणि मास्कच्या आत मावशीच्याही ओठांचे कोपरे हलले. किती दिवसांनी, ते तिलाही आठवेना.

निवारा म्हणजे पत्र्याची लांब शेड आणि पुढे जाळीचं फाटक. बाई गमबूट घालून शेड धूत होत्या. उंच, सडपातळ, बोलताना हात पुसायची सवय. त्यांनी दुरूनच नमस्कार केला आणि फाटकाकडे बोट दाखवलं. काजळी फाटकाला नाक लावून बसली होती. बाकीची कुत्री बसभोवती भुंकून आवार डोक्यावर घेत होती. हिचं लक्ष फक्त रस्त्याकडे.

"आली तेव्हापासून अशीच बसते," बाई म्हणाल्या. "म्हातारे गृहस्थ होते, एकटे. त्यांना ॲम्ब्युलन्समधून नेलं, ही दारात राहिली. शेजारचे वरून खायला टाकायचे, पण ही तोंड लावेना. मग ते वारल्याचं कळलं आणि शेजाऱ्यांनी आम्हाला बोलावलं. खाते आता, पण नाइलाज म्हणून खावं तशी. हाताने भरवलेलं घेत नाही. तुम्हाला घाई नाही ना?"

"मला कसली घाई?" मावशी म्हणाली.

सह्या झाल्या, पट्टा हातात आला. काजळी मुकाट बसमध्ये चढली, एकेक बाक हुंगत शेवटपर्यंत गेली, परत आली आणि ड्रायव्हरच्या सीटमागे अंग टाकून बसली. मावशीने "काजळे" म्हणून हाक मारून पाहिली. कानही हलला नाही.

तासभर गेल्यावर मावशीने एका बंद हॉटेलाच्या आवारात, झाडाच्या सावलीला बस थांबवली. घरून पाव आणि उकडलेली अंडी आणली होती. पायरीवर बसून एक अंडं सोललं, त्याचा तुकडा तळहातावर ठेवून हात मागे नेला आणि मुद्दाम दुसरीकडे बघत बसली. बराच वेळ काही नाही. हात अवघडून आला. मग तळव्याला आधी गरम श्वास लागला, मागोमाग ओलं नाक, आणि तुकडा अलगद उचलला गेला. मावशीने दुसरा तुकडा ठेवला. तोही गेला. दोन्ही अंडी संपली. मावशीने नुसता पाव खाल्ला. काजळी पायरीवर उतरून आली, तिच्या शेजारी बसली आणि उसासा टाकून आपली हनुवटी तिच्या बुटावर टेकवली.

मावशीचा पाय मुंग्या येऊन बधिर झाला, पण तिने तो हलवला नाही. ती बोलायला लागली. "हे बघ, माझ्या घरात खिडकी दुपारी बंद असते. सांगून ठेवते. आणि पलंगावर चढायचं नाही. चढलीस तर चादर तुला धुवावी लागेल. सकाळी चहा झाल्याशिवाय मला कुणी बोललेलं चालत नाही..." ती बोलतच राहिली. इतके दिवस बंद पडलेला नळ खळखळून वाहावा तसा आवाज घशातून येत होता. काजळीचा उभा कान तिच्याकडे वळला.

तेवढ्यात फोन वाजला. निवाऱ्याच्या बाई होत्या.

"पोचलात का?"

"अर्ध्या रस्त्यात. हाताने अंडं खाल्लं हो तिने!"

पलीकडे बाई म्हणाल्या, "मावशी, कसं सांगू? ते म्हातारे गृहस्थ जिवंत आहेत."

"कोण?"

"हिचे मालक. त्यांना एका हॉस्पिटलमधून दुसरीकडे हलवलं होतं. मशीनवर होते, शुद्ध नव्हती, जवळचं कुणी नाही, फोन हरवलेला. पहिल्या हॉस्पिटलने शेजाऱ्यांना 'गेले' म्हणून सांगितलं, ते कुणा दुसऱ्याबद्दल होतं. चूक झाली. ते काल घरी आले. आत्ता मला फोन आला होता, विचारत होते कुत्री कुठाय."

मावशीने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"सह्या झाल्यात, ती तुमची झालीय," बाई घाईने म्हणाल्या. "मी परत या म्हणणार नाही, मला तो अधिकार नाही. फक्त तुम्हाला न सांगणं बरोबर वाटेना. काय ते तुम्ही ठरवा. मी त्यांना अजून काही बोलले नाहीये."

फोन बंद झाला. रस्त्यावरून एक टँकर गेला.

मावशी जागची हलली नाही. चूक झाली. म्हणजे चूक होते तर! ज्या दोन शब्दांसाठी तिने इतके दिवस फोन उशाशी घेऊन काढले, ते शब्द शेवटी आले होते, खरोखर कुणाच्या तरी तोंडून आले होते. मात्र ते तिच्या आईबद्दल नव्हते. एक माणूस पांढऱ्या पिशवीतून उठून घरी आला होता, आणि तो दुसऱ्याचा होता. तिला त्या म्हाताऱ्याचा असा राग आला की कानशिलं तापली. मेला असता तर काय बिघडलं असतं, हा विचारही मनात येऊन गेला. तो आला तसा तिने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. आपण इतक्या वाईट आहोत हे तिला माहीत नव्हतं.

मग तिने स्वतःशी हिशेब मांडायला सुरुवात केली. म्हातारा आजारी, त्याला कुत्रं झेपणार नाही. काजळीने आज आपल्या हातून खाल्लंय. रेंज नव्हती म्हणून सांगता येईल. बाईंनी स्वतःच म्हटलंय, ती तुमची झालीय. सगळं पटण्यासारखं होतं. तिने काजळीला आत घेतलं, दार लावलं, किल्ली फिरवली, आणि घराच्या दिशेने थोडी पुढे गेलीसुद्धा.

आरशात मागचं दिसत होतं. काजळी मागच्या काचेपाशी जाऊन बसली होती, सोडून आलेल्या रस्त्याकडे तोंड करून.

मावशीला तो म्हातारा दिसायला लागला. तिने त्याला कधी पाहिलं नव्हतं, पण मरणाच्या दारातून परतलेला माणूस कुलूप उघडून आत येतो, आणि आत कुणी नसतं, हे तिला नीट दिसलं. रिकाम्या घरात चप्पल काढली तरी केवढा आवाज होतो, ते तिला ठाऊक होतं. "डोकं खाऊ नकोस माझं," ती आरशातल्या कुत्रीवर खेकसली. काजळीने आवाजही काढला नव्हता. पुढच्या फाट्यावर मावशीने बस वळवली, आणि बाईंना फोन करून म्हाताऱ्याचा पत्ता घेतला.

म्हाताऱ्याचं घर निवाऱ्यापासून थोडं पुढे, एका अरुंद गल्लीत होतं. तिथे कुणाला घर विचारायची वेळच आली नाही. गल्लीच्या टोकाशी बस येताच काजळी उठली, तिच्या घशातून कुंईकुंई आवाज यायला लागला, आणि मावशीने पट्टा धरून दार उघडताच तो ताणला गेला.

म्हातारा दाराच्या चौकटीत खुर्ची टाकून बसला होता. अंगावरचा शर्ट खुंटीला टांगल्यासारखा लोंबत होता, नाकात नळी, शेजारी घुरघुरणारं मशीन. त्याने उठायचा प्रयत्न केला, जमलं नाही. मग जेमतेम ऐकू येईल अशा आवाजात तो म्हणाला, "बाईसाहेब?"

काजळीचे दोन्ही कान उभे राहिले. मुडपलेलासुद्धा. म्हणजे हे नाव होतं तिचं. पट्टा हिसकून ती बाणासारखी सुटली, त्याच्या मांडीत तोंड खुपसलं, खाली उतरली, गोल फिरली, पुन्हा चढली, रडल्यासारखी ओरडली, त्याचे हात चाटले, नळी चाटली. म्हातारा तिच्या मानेत बोटं रुतवून "हो हो, आलो की, आलो की" म्हणत होता, आणि त्याचा श्वास पुरत नव्हता. वरच्या गॅलरीत शेजारची बाई पदराने डोळे पुसत उभी होती.

मावशी फाटकाबाहेर थांबली. काजळीने एकदा तरी मागे वळून पाहावं, असं तिला फार वाटलं. तिने पाहिलं नाही.

बऱ्याच वेळाने म्हाताऱ्याचं लक्ष गेलं. "तुम्हीच आणलंत का? आत या म्हणता येत नाही हो. डॉक्टरांनी कुणाला जवळ येऊ द्यायचं नाही म्हणून सांगितलंय."

"असू द्या. इथे बरी आहे मी."

"तुम्ही तिला घरी न्यायला आला होतात, असं त्या बाई आत्ता म्हणाल्या." तो थांबला, श्वास घेतला. "घरी कोण कोण आहे तुमच्या?"

"आई होती. याच साथीत गेली."

म्हाताऱ्याने विचारलं, "कशा होत्या?"

मावशीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. गेले कित्येक दिवस ज्याने त्याने तिला 'कशा गेल्या' एवढंच विचारलं होतं. ताप किती होता, ऑक्सिजन किती होता, कुठल्या हॉस्पिटलात नेलं. 'कशा होत्या' हे कुणी विचारलं नव्हतं.

"भांडखोर होती," ती म्हणाली. "एक नंबरची. चहात साखर टाकताना माझा हात धरायची. मी बस मागे घेत असले की वरून खिडकीतून ओरडायची, 'डावीकडे घे, डावीकडे!' तिला स्वतःला सायकल येत नव्हती. आणि मला ताप आला की तीच रात्र रात्र..." फाटकाच्या गजाला धरून ती उभी राहिली. मास्क भिजून तोंडाला चिकटला.

म्हाताऱ्याने समजूत घातली नाही. तो मान डोलवत ऐकत होता आणि त्याचा हात कुत्रीच्या पाठीवरून फिरत होता. शेवटी म्हणाला, "मी काही फार दिवसांचा नाही. मशीनशिवाय जिना चढता येत नाही मला. माझ्यानंतर हिला..."

"नका बोलू तसं," मावशीने त्याला तोडलं. "चांगले जगा. आता मला कुणाच्या जाण्याची वाट बघायला लावू नका."

ते शब्द जरा कठोरच गेले. पण म्हातारा समजला असावा. त्याने दोन्ही हात जोडले. काजळीने त्याच्या पायांवर अंग टाकून डोळे मिटले होते. मावशीने उरलेला पाव फाटकाच्या आत ठेवला आणि बसमध्ये जाऊन बसली. "उकडलेलं अंडं आवडतं तिला," खिडकीतून ती ओरडली.

"माहीत आहे," तो म्हणाला.

परतीचा रस्ता कसा सरला, ते तिला नंतर सांगता आलं नसतं. इमारतीपाशी पोचली तेव्हा ऊन उतरलं होतं. भाचीने उत्साहाच्या भरात टेलरबाईला फोन करून ठेवला होता, आणि टेलरबाईच्या पोटात काही राहत नसे. त्यामुळे प्रत्येक खिडकीत पोरं होती. कुणी बिस्किटांचा पुडा हलवत होतं, कुणी "आली, आली!" ओरडत होतं. मावशी उतरली, बसचं दार लावलं. पोरं बंद दाराकडे बघत राहिली. मग एकेक आवाज कमी होत गेला, आणि कुणाच्या तरी आईने खिडकी ओढून घेतली.

टेलरबाई गळ्यात टेप घेऊन जिन्याच्या तोंडाशी उभी होती. "अगं, कुत्री कुठाय?"

"तिचा माणूस परत आला," मावशी म्हणाली. "मेला म्हणून सांगितलं होतं, पण जिवंत निघाला. चूक झाली होती."

"काय सांगतेस! अगं बाई, किती चांगलं झालं!"

"हो. चांगलं झालं."

तिला खरंच तसं वाटत होतं. तरीही चार पायऱ्या चढून ती कठडा धरून थांबली, आणि तिथेच खाली बसली. टेलरबाई घाबरली. "काय होतंय? पाणी आणू का?"

मावशीने तिच्याकडे पाहिलं. "माझी आई गेली गं," ती म्हणाली. "माझी आई खरंच गेली."

टेलरबाईने ॲम्ब्युलन्स पाहिली होती, त्यानंतर कितीतरी दिवस दाराशी जेवणाचा डबा ठेवला होता. "मला माहीत आहे" असं ती म्हणाली नाही. ती मास्क वर ओढून, नियमाप्रमाणे मधे अंतर ठेवून, खालच्या पायरीवर बसली. वरचा दिवा कुणी लावला नव्हता. मावशी रडत होती, आवाज काढून, खणखणीत, आणि इमारतीतली सगळी दारं बंद असूनही तो सगळ्यांना ऐकू जात होता.